कांबळ्याखालचं जेवण

करपटला स्वतःच्याच घरातल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती, आणि ती त्याच्या बायकोने लग्नानंतर आठवडाभरातच घातली होती. फौजेत आचारी म्हणून राबलेला माणूस, फौजेतून सुटल्यावर एका वसतिगृहाच्या खानावळीत पोरांच्या पिढ्यांच्या पिढ्या जेवू घातलेला, आणि त्याला घरच्या शेगडीपाशी मज्जाव! ऐकणाऱ्याला नवल वाटे. पण बायकोचं म्हणणं ऐकून घेतलं की तो तिच्याच बाजूचा होऊन जाई.

झालं होतं असं, की लग्नाच्या वेळी तो समुद्रापलीकडच्या त्या ठाण्यावरून नुकताच परतला होता. नव्या नवरीला आपल्या हातचं खाऊ घालावं म्हणून त्याने मोठ्या हौसेने भात, डाळ, भाजी असा सगळा बेत केला, आणि कशातही मीठ घातलं नाही. विसरला नव्हता. त्याच्या हाताला मिठाच्या डब्याकडे जायची सवयच उरली नव्हती. नवरीने मान खाली घालून सगळं गिळलं. तिला वाटलं, या घरची हीच रीत असेल. दोन-चार दिवस असेच काढल्यावर तिने हळूच विचारलं, की तुमच्याकडे मीठ खात नाहीत का? यावर गड्याने भाजी चाखली, जिभेवर घोळवली, आणि बरोबर आहे की, म्हणून सांगितलं. त्या दिवशी तिने पळी त्याच्या हातातून काढून घेतली ती कायमची. एवढ्यावरच भागलं असतं तरी ठीक होतं, पण त्याला दोघांपुरतं करताच येत नसे. माणसं दोन असोत की चार, याचा भात अख्ख्या तुकडीला पुरेल एवढा.

त्याचं बारशातलं नाव आता रेशनकार्डावरच काय ते उरलं होतं. 'करपट' हे नाव त्याला ठाण्यावर पोचल्याच्या पहिल्या दिवशी मिळालं. नवा स्टोव्ह, उघड्यावरचा वारा, आणि पोरगा जेमतेम मिसरूड फुटलेला. भात असा करपला की पातेल्यासकट पुरावा लागला असता. ठाण्याचे प्रमुख हवालदारसाहेब. त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला, आणि "करपट" एवढाच एक शब्द बोलून उरलेला भात निमूट संपवला. ते नाव इतकं पक्कं चिकटलं की पुढे बायकोसुद्धा रागावली की "करपटराव" म्हणून हाक मारी.

ते ठाणं म्हणजे ठाणं म्हणावं असं काही नव्हतंच. चारी बाजूंना वाळू, त्यात काही तंबू, एक पत्र्याची शेड आणि वायरलेसचा एक खांब. दोन परके देश एकमेकांशी भांडून भांडून दमले होते आणि मधे कुणीतरी तिसऱ्याने बसावं असं ठरलं होतं. ते तिसरे म्हणजे करपटची ही तुकडी. दोघांच्या मधे सरहद्दीची रेघ होती, आणि ती दिसावी म्हणून पांढरा रंग दिलेले पत्र्याचे ड्रम ओळीने मांडलेले होते. वारा सुटला की ड्रम वाळूखाली गडप. मग वारा पडला की फावडी घेऊन निघायचं आणि रेघ उकरून काढायची. ज्या रेघेपायी ती माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, ती शोधता शोधता यांच्या नाकीनऊ येत. करपट तर छातीठोकपणे सांगे, की आपण ह्या देशाची थोडी जमीन त्या देशाला आणि त्याची थोडी ह्याला देऊन टाकली आहे, आणि अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही.

ऊन असं की शेडच्या पत्र्याला चुकून दंड लागला तर फोड येई. रात्री तेच अंग थंडीने कुडकुडे. पाणी टँकरने यायचं, ते खारट, वर डिझेलचा वास. त्या पाण्यात शिजवलेल्या अन्नाला मीठ घालायची काय बिशाद! चहा औषधासारखा लागे. दाढी केली की गालांची आग आग होई, पण साहेबांनी दाढीला कधी सुट्टी दिली नाही. एकदा वायरलेसवाल्याने वैतागून विचारलं होतं, इथे कोण बघतंय साहेब आपलं तोंड? साहेब ब्लेड पुसत म्हणाले, "मी बघतोय." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. साहेब स्वतः आरशाच्या तुकड्यासमोर उभे राहून अर्ध्या मग पाण्यात अशी दाढी करत, की आता मेजवानीला निघालेत असं वाटावं.

आणि गंमत अशी, की तिथे असताना हे सगळे घरी जायच्या नावाने उसासे टाकत, आणि घरी आल्यावर जन्मभर तिथलंच बोलत राहिले. करपटचंही तसंच. वसतिगृहातली इतकी वर्षं त्याच्या डोक्यातून धुऊन गेली, पण त्या ठाण्यावरची पहाट त्याला अजून हात लावता येईल इतकी जवळची वाटे. वारा पडलेला, वाळू गार आणि घट्ट झालेली, स्टोव्हचा आवाज, आणि तंबूतून एकेकाचं खाकरणं. त्या खाकरण्यावरून कोण उठलं ते त्याला कळायचं. इतक्या माणसांना इतकं जवळून आपण पुन्हा कधी ओळखलं नाही, असं तो म्हणे. बायको म्हणे, मला तरी ओळखता का?

जहाजाने त्यांना परत आणून सोडलं त्या तारखेला दरवर्षी सगळे साहेबांच्या घरी जमत. सुरुवातीला अंगणात सतरंज्या घालाव्या लागत. पुढे बाहेरची खोली पुरू लागली, मग जेवणाचं टेबल. कुणी गेलं, कुणी मुलाकडे लांब राहायला गेलं, कुणाचे गुडघे गेले. गेली काही वर्षं दोनच खुर्च्या लागत होत्या, एक साहेबांची आणि एक करपटची. वादळाच्या गोष्टी मात्र कमी होण्याऐवजी वाढत चालल्या होत्या. करपटच्या तोंडी दरवर्षी वादळ एक दिवसाने लांबे, आणि साहेब दरवर्षी तेवढा दिवस कापून टाकत. त्यांच्या बायकोच्या माघारी घरात मुलगा आणि सून. मुलगा आगबोटीवर इंजिनाच्या कामाला, महिनोन्‌महिने बाहेर. सूनबाई दोन्ही म्हाताऱ्यांना वाढायची आणि तेच ते किस्से नव्याने ऐकल्यासारखं हसायची. गुणाची पोर.

या वर्षी ती तारीख आली तेव्हा साहेब इस्पितळात होते. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा रजा काढून आला, रजा संपली तसा परत गेला. करपट इस्पितळात जाऊन लांबूनच बघून आला होता. नाकातोंडाला नळ्या, डोळे मिटलेले.

मग एके सकाळी सूनबाईचा फोन आला. साहेबांना घरी आणून बरेच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणत होते की गिळता येतंय, गळा चांगला आहे, पण ते खातच नाहीत. तोंड घट्ट मिटून घेतात. चमचाभर पाणी तेवढं जातं. अंगातली ताकद सरत चालली होती, आणि उद्यापर्यंत पोटात धड काही गेलं नाही तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगता सांगता पोरीचा आवाज फुटला. "काका, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. त्यामुळेच खात नसतील का? तुम्हाला बिनमिठाचं चांगलं करता येतं, असं बाबाच सांगायचे."

करपटने फोन ठेवला आणि छाती फुगवून बायकोला म्हणाला, की बिनमिठाचा स्वयंपाक म्हणशील तर या कामात आपला हात धरणारा कुणी जन्माला यायचाय. बायकोने त्याच्या पिशवीत कपड्यांचा जोड टाकला. ती थट्टा करायच्या मनःस्थितीत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "खाऊ घाला आणि मगच या." तो बसमध्ये बसला तेव्हा मघाची छाती बरीच खाली आली होती. नळी घातली की साहेब संपले, हे त्याला आतून कळत होतं. नळी कुणाला मारत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तोंडावर बसलेली माशीसुद्धा दुसऱ्याला हाकलू न देणारा हा माणूस. नाकात नळी घालून खाटेवर पडलेले साहेब त्याला बघायचे नव्हते. आणि त्यांच्यानंतर ते ठाणं, ती वाळू, ती खाकरणारी माणसं कुणाशी बोलायची? सगळं खरं घडलं होतं हे सांगणारा दुसरा साक्षीदारच जवळ उरणार नव्हता.

साहेबांची खाट बाहेरच्याच खोलीत हलवली होती, म्हणजे येता-जाता लक्ष राहावं. समोर कपाट, त्याच्या दाराला उभा आरसा. उशाशी औषधं. गळ्याभोवती सूनबाईने टॉवेल बांधला होता, लहान मुलाला बांधतात तसा. तोंडाची उजवी कड खाली ओढली गेली होती आणि गालांवर पांढरे खुंट वाढले होते. साहेबांची वाढलेली दाढी करपट जन्मात पहिल्यांदा बघत होता. त्याने टाच जुळवून सलाम ठोकला. साहेबांचा डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला आणि परत पडला. डोळे मात्र ओळखीचे होते, शाबूत होते. ते बघून करपटला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

तो वेळ न दवडता स्वयंपाकघरात शिरला. तांदळाची पेज केली, भाजी उकडून तिच्यात घोटून घातली, जिऱ्याचा वास लावला, चिमूटभर मीठ नसताना जितकी चव आणता येते तितकी आणली. सूनबाईने चाखून बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. ती वाटी उचलून निघाली तसं त्याने तिला थांबवलं. इतकं गरम नको, साहेबांना गरम सोसत नाही, निवू दे, म्हणाला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण काका जाणते, म्हणून ती गप्प राहिली. पेज कोमट झाली. तिने चमचा पुढे केला. साहेबांनी मान भिंतीकडे वळवली.

तिने लाडीगोडी लावली, करपटने आर्जव केलं. एकदा तर त्याने ठाण्यावरच्यासारखी जेवणाची हाळी दिली. शेवटी साहेबांनी कसाबसा एक घास घेतला. त्यातला अर्धा खालच्या कडेने ओघळून टॉवेलवर आला. नेमकं त्याच वेळी शेजारच्या बाई दारातून डोकावल्या आणि हळहळल्या, "अगंबाई, कसा उमदा माणूस हो, आणि आता असं लहान मुलासारखं!" साहेबांची नजर समोरच्या आरशावर गेली. तिथून ती खाली आली, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तोंडही. त्यानंतर ब्रह्मदेव आला असता तरी ते तोंड उघडलं नसतं.

करपट उठून ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. बिनमिठाच्या पेजेचा तोरा मिरवत आलो आणि समोरचं दिसलं नाही. चवीचा प्रश्नच नव्हता. या माणसाने त्या ठाण्यावर महिनोन्‌महिने माझं करपट, खारट, वाळू मिसळलेलं अन्न ब्र न काढता खाल्लं होतं. याला चारचौघांदेखत सांडत, गळत, दुसऱ्याच्या हाताने खायचं नव्हतं. एवढंच होतं.

आणि मग त्याला कांबळं आठवलं.

तिथे वाऱ्याचे दिवस सुरू झाले की ताटात वाळूच वाळू व्हायची. शेडमध्ये बसा, तंबूत बसा, ती कुठूनही आत यायची. तेव्हा साहेबांनी एक शिस्त लावली होती. दोघादोघांनी एक ताट घ्यायचं आणि डोक्यावरून एक कांबळं ओढून आत बसायचं. एकाने आतून कांबळ्याच्या कडा दोन्ही मुठींत धरून जमिनीशी दाबायच्या, दुसऱ्याने जेवायचं, मग अदलाबदल. धरणाऱ्याने क्षणभर हात सोडला तर अख्खं कांबळं उडून जाई आणि ताटात मूठभर वाळू. जोड्या लावल्या, तर आचारी एकटा उरला, कारण त्याचं जेवण सगळ्यांच्या शेवटी. हवालदाराने आचाऱ्याबरोबर एका ताटात जेवायचं, हे फौजेत कुठे लिहिलेलं नव्हतं. पण साहेब सगळ्यांचं होईपर्यंत थांबत आणि मग करपटच्या कांबळ्याखाली येऊन बसत. कडा धरत आणि म्हणत, "मला गरम सोसत नाही. आधी तू." पोरगा भुकेलेला असे. गरम गरम अर्धं ताट तो अधाशासारखा संपवून टाकी, आणि उरलेलं साहेब जेवत.

कांबळ्याखाली काळोख असे, खाली ठेवलेल्या विजेरीचा पिवळा उजेड, लोकरीचा आणि घामाचा वास, आणि बाहेर वारा मार मार करत असे. तिथे पद नव्हतं, हुद्दा नव्हता. तिथलं बोलणं बाहेर काढायचं नाही, हा नियम कुणी घातला नव्हता, पण सगळे पाळत. साहेबांना मुलगा झाल्याची बातमी वायरलेसवर आली त्या दिवशी ते बाहेर सगळ्यांसमोर हसले होते, आणि कांबळ्याखाली आल्यावर त्या पोराचं तोंड बघायला मिळेल ना रे, म्हणून हमसून हमसून रडले होते. ही गोष्ट करपटने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. दरवर्षीच्या जमण्यात साहेब आणि तो एकमेकांकडे बघत, वाऱ्याच्या गोष्टी रंगवून सांगत, पण कांबळ्याखालची गोष्ट दोघांपैकी कुणीच काढत नसे.

त्याने सूनबाईला घरातलं जाड कांबळं मागितलं. तिने भर उन्हाळ्यात कांबळं कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, जेवायला. पोरीच्या चेहऱ्यावर आता या दुसऱ्या म्हाताऱ्यालाही काही झालं की काय अशी काळजी स्पष्ट दिसली. तरी तिने ते काढून दिलं. करपटने आधी साहेबांच्या गळ्यातला टॉवेल सोडला आणि खाटेवर लांब फेकला. मग त्यांना उशांच्या आधाराने बसतं केलं, स्वतः समोर मांडी घालून बसला, मधे पेजेचं ताट ठेवलं, आणि वाकून हळूच म्हणाला, "साहेब, वारा सुटलाय. कांबळं घेऊ?"

साहेबांनी डोळे उघडले. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची हनुवटी किंचित खाली गेली.

कांबळं डोक्यावरून ओढल्याबरोबर आरसा गेला, दार गेलं, शेजारच्या बाई गेल्या. काळोखात दोघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. करपटने चमचा उचलून साहेबांच्या दिशेने नेला, तर त्यांनी तो हाताने बाजूला केला. पण साहेबांनी तो डावा हात तसाच पुढे नेला, चाचपडत कांबळ्याची कड शोधली, मुठीत धरली, आणि गुडघ्याने ताट करपटकडे सरकवलं. आधी तू. इतकं सगळं गेलं होतं, वाचा गेली, अर्धं अंग गेलं, पण हे राहिलं होतं. त्याने निमूटपणे अर्धं ताट संपवलं, हुकूमच होता तो. मग चमचा साहेबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन घास घेतले. सांडले, गळले, पण ते कुणी बघत नव्हतं. तिसऱ्याला मात्र चमचा खाली ठेवला आणि मान हलवली. दोन घासांवर माणूस जगत नाही. करपट पुन्हा पुन्हा विनवत राहिला, पण काही उपयोग झाला नाही.

त्याने कांबळं बाजूला केलं आणि उरलेली पेज घेऊन आत आला. सूनबाई दोन घास गेले म्हणून आनंदाने रडायच्या बेतात होती. तिने ताटाला बाहेरून हात लावून बघितला आणि म्हणाली, की गार झालंय हो हे, बाबा गार कसं खातील. करपट म्हणाला, अगं, त्यांना गारच लागतं, गरम सोसत नाही त्यांना. सूनबाई डोळे पुसता पुसता हसली.

"कुणी सांगितलं तुम्हाला? बाबांना वाफ निघत असेल तरच जेवण लागायचं. जरा निवलं की ताट परत यायचं. सासूबाई सांगायच्या, लग्नाच्या आधीपासून असेच आहेत. फक्त तुम्ही आलात की गार जेवायचे. मला वाटायचं, तुमच्याशी गप्पांच्या नादात."

करपट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. आपण कुठे बसलो ते त्याला कळलं नाही. तो तिथेच, ताट मांडीवर घेऊन, कितीतरी वेळ बसून राहिला. त्या ठाण्यावरचं प्रत्येक जेवण त्याच्या डोळ्यांसमोरून जात होतं. अधाशासारखं खाणारा तो पोरगा, आणि समोर कडा दाबून बसलेले साहेब, थंड होत चाललेल्या ताटाकडे न बघणारे. मागाहून ते खात ते गारढोण, आणि एव्हाना आत शिरलेल्या वाळूसकट. आणि नंतर इतकी वर्षं, दरवर्षी त्या तारखेला, हा शहाणा मुद्दाम गप्पा लांबवून साहेबांचं ताट निवू देत आला होता. ते बिचारे निवलेलं खात आले. एकदा सांगून बसले म्हणून खोटं उघडं पडू नये एवढ्यासाठी. त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो ढसाढसा रडायला लागला. सूनबाई घाबरून पाणी घेऊन आली. काय झालं काका, म्हणून विचारत राहिली. तो नुसतीच मान हलवत होता. तिथलं बाहेर काढायची त्याला सवय नव्हती.

मग तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं. पेज रटरटेपर्यंत हलवत राहिला. ताटात वाढली तेव्हा वाफेने त्याच्या चष्म्यावर धुकं धरलं. सूनबाईला त्याने दार लावून घ्यायला सांगितलं आणि ताट घेऊन साहेबांसमोर पुन्हा मांडी ठोकली.

कांबळं ओढलं. साहेबांचा डावा हात सवयीने कड शोधायला निघाला, तर कड तिथे नव्हतीच. करपटने दोन्ही कडा आधीच स्वतःच्या मुठींत घेऊन खाटेशी दाबून धरल्या होत्या. साहेबांनी त्याची मूठ सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाही. मग गुडघ्याने ताट त्याच्याकडे ढकललं. त्याने ते स्वतःच्या गुडघ्याने परत ढकललं. पेज हिंदकळून चादरीवर सांडली. साहेबांच्या घशातून एक घोगरा आवाज निघाला. त्यात शब्द नव्हता, पण हुकूम होता, आणि करपटने आयुष्यात त्या आवाजाचा हुकूम कधी मोडला नव्हता.

"मला गरम सोसत नाही, साहेब," करपट म्हणाला. "आधी तुम्ही."

आत काळोख होता, तरी साहेब आपल्याकडे बघताहेत हे त्याला कळलं. मग साहेबांच्या छातीतून काहीतरी तुटक तुटक बाहेर येऊ लागलं. करपट घाबरला, ठसका लागला की काय म्हणून त्याच्या मुठी सैल होऊ लागल्या. ठसका नव्हता. साहेब हसत होते. वाकड्या तोंडाने, अर्ध्या अंगाने, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे हसत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते की काय हे करपटला दिसलं नाही. पुढे चमच्याचा ताटाला लागलेला आवाज आला. फुंकर मारल्याचा आवाज आला, ती एकाच बाजूने निसटून जाणारी. मग गिळल्याचा. मग पुन्हा चमच्याचा.

साहेब सावकाश जेवत होते. घाई त्यांनी कधीच केली नव्हती. करपट ताठ बसून कडा धरून होता. खोलीचं दार बंद होतं, पंखासुद्धा बंद होता, बाहेर पान हलत नव्हतं. तरी थोड्याच वेळात त्याचे दंड भरून आले, मनगटं थरथरायला लागली. जरा हात सोडावा आणि कांबळं नुसतंच डोक्यावर राहू द्यावं असं त्याला एकदा वाटलं, तेवढ्याने काहीच बिघडणार नव्हतं. पण तिथे तर वारा होता. त्या वाऱ्यात हा माणूस रोज इतका वेळ आपल्यासाठी धरून बसत होता. चमचा ताटाच्या तळाला घासल्याचा आवाज येईपर्यंत करपटने हात सोडला नाही.